रायडिंग जॅकेटातले पॅड: घालावेत का, कोणते घ्यावेत आणि बेचाळीस डिग्रीत कसे निभवावेत

ऑक्टोबरात अंबाजोगाईहून लातूरकडे निघालं की जागोजागी अर्धा रस्ता सोयाबीनने भरलेला असतो. शेतकऱ्याला दुसरी सपाट, कोरडी जागा नसते, म्हणून रास डांबरावरच वाळत पडते. त्या दाण्यांवर पुढचं चाक गेलं की खाली छर्रे अंथरल्यासारखं होतं. माझी गाडी अशाच राशीवर घसरली तेव्हा वेग पंचेचाळीसच्या आसपास होता. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं. अंगात मात्र साधा कॉटनचा शर्ट आणि पँट. डावा तळहात, कोपर आणि गुडघा, तिन्ही ठिकाणची कातडी सोलून निघाली. हाड एकही मोडलं नव्हतं, तरी पाच आठवडे मला एका हाताने भाकरी मोडता येत नव्हती. रोज ड्रेसिंग बदलताना जखमेला चिकटलेली पट्टी सुटायची, ते दुखणं पडण्यापेक्षा मोठं होतं.

तीन वर्षांनी, मृगाच्या पहिल्या पावसात, मांजरसुंब्याचा घाट उतरल्यावर ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेल्या काळ्या मातीवरून पुन्हा आडवा झालो. या वेळी अंगात जॅकेट होतं, कोपराला आणि खांद्याला पॅड होते, हातात मोजे होते. गुडघ्याला काही नव्हतं. उठलो तेव्हा वरचं अंग धड होतं आणि गुडघा टम्म सुजलेला. पॅड असलेला सांधा आणि पॅड नसलेला सांधा, दोन्हींचं काय होतं ते त्या एका पडण्यात मला कळलं.

म्हणून हा लेख. नवी गाडी घेतलेली मुलं-मुली विचारतात, हे आर्मर म्हणजे पॅड खरंच कामाचे असतात की नुसता दिखावा? माझं उत्तर आहे, घाला. पण काय घेताय, ते अंगावर कसं बसतंय आणि ते उन्हात टिकवणार कसं, हे समजून घाला. नाहीतर दहा हजारांचं जॅकेट खुंटीला लटकतं आणि पडायच्या दिवशी अंगात शर्टच असतो.

पडताना काय होतं, ते आधी समजून घ्या

चाक घसरून आडवं होण्यात दोन वेगळ्या गोष्टी घडतात. पहिली आदळण्याची. गाडीवर बसलेल्या माणसाचा खांदा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंच असतो. तेवढ्या उंचीवरून खाली येताना जमिनीवर आदळण्याचा वेग ताशी सतरा-अठरा किलोमीटर भरतो. गाडी चाळीसवर होती की साठवर, यावर हा आकडा फारसा अवलंबून नसतो, उंचीवर असतो. गाडीने उचलून हवेत फेकलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा उंची वाढते आणि मारही वाढतो.

दुसरी गोष्ट घसरण्याची. गाडीचा पुढे जाण्याचा सगळा वेग इथे जिरतो. साठच्या वेगाने पडलेला माणूस डांबरावर वीस-पंचवीस मीटर घसरत जातो आणि थांबायला अडीच-तीन सेकंद लागतात. घासणीच्या चाचणीत साधी जीन्स सेकंदभरात फाटते. पॉलिस्टरची ट्रॅकपँट तर घर्षणाच्या उष्णतेने वितळते आणि जखमेत चिकटते.

आता जॅकेटाकडे बघा. त्याचं कापड घसरणं सांभाळतं. आतले पॅड आदळणं सांभाळतात. खांदा, कोपर, गुडघा, कंबरेच्या बाजूचं हाड या जागांवर मांस कमी आणि हाड वर असतं, म्हणून पॅड तिथे देतात. नुसतं जाड कापड घेऊन पॅड काढून टाकले तर अर्धंच काम होतं. नुसते पॅड पट्ट्यांनी बांधून वर साधा शर्ट घातला तर दुसरं अर्धं.

तिसरी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर कोणताच पॅड चालत नाही. आमच्या गॅरेजवाल्या भाऊंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "दादा, हे घालून टिप्परखाली वाचणार हाय का?" नाही वाचणार. समोरून येणारं वाहन, झाड, पुलाचा कठडा यांच्यापुढे फोमचा तुकडा काही करत नाही. पण मी आणि माझ्या ओळखीचे जे जे पडलो ते सोयाबीनवर, मुरमावर, कुत्र्याला वाचवताना आणि चिखलात. त्या पडण्यांसाठी हे सामान आहे.

पॅड किती वाचवतात, याचा खरा हिशेब

ऑस्ट्रेलियात कॅनबेरा आणि आसपासच्या भागात २००८-०९ मध्ये अपघात झालेल्या २१२ मोटारसायकलस्वारांचा अभ्यास लिझ डी रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रायडिंग जॅकेट घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याची शक्यता न घातलेल्यांपेक्षा २१ टक्क्यांनी कमी निघाली. रायडिंग पँट घातलेल्यांमध्ये ती ५१ टक्क्यांनी कमी आणि हातमोजे घातलेल्यांमध्ये ५९ टक्क्यांनी कमी होती. पॅड असलेल्या कपड्यांखालच्या अवयवांना इजा कमी झाल्या, हेही दिसलं.

त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक म्हणजे, हाड मोडण्याच्या बाबतीत पॅड असणं-नसणं यात फरक आढळला नाही. दुसरी अशी की अपघातात सापडलेल्या रायडिंग जॅकेटांपैकी जवळपास ३० टक्के जॅकेटं फाटून निकामी झाली होती. दुकानदाराने 'रायडिंग' म्हटलं म्हणून प्रत्येक जॅकेट टिकत नाही.

याचा अर्थ मी असा लावतो. पॅड हाड मोडणारच नाही अशी हमी देत नाही. तो ठेचकाळणं, उघडा घाव, सांध्यावरची कातडी आणि त्याखालचं मांस यांचं नुकसान कमी करतो. हा फायदा लहान नाही. कोपराची कातडी हाडापर्यंत गेलेल्या माणसाला विचारा. तिथे पुन्हा कातडी धरायला महिने जातात, जंतूंची भीती राहते, आणि सांधा आखडला तर आयुष्यभर आखडतो. रोजंदारीवर जाणाऱ्या किंवा शेतात खुरपं धरणाऱ्या माणसाचे ते महिने कोण भरून देणार?

पाठीच्या पॅडबद्दल एक गैरसमज घट्ट बसलाय, तो इथेच काढतो. मणक्याच्या गंभीर इजा बऱ्याचदा पाठीवर थेट मार बसून होत नाहीत. माणूस वाकडातिकडा दुमडला, पिळला गेला, डोक्यावर आदळून भार मणक्यावर आला, की होतात. पाठीचा पॅड ते थांबवू शकत नाही. दगडावर, पुलाच्या कडेवर, दुसऱ्या गाडीच्या फूटरेस्टवर पाठ आदळली तर तो फासळ्या आणि पाठीचे स्नायू यांना बसणारा मार कमी करतो. घ्यावा असाच आहे, पण तो असला की मणका सुरक्षित झाला असं धरून चालू नका.

पॅडवरचे शिक्के वाचायला शिका

इथे फसवणूक सगळ्यात जास्त होते, म्हणून थोडं सविस्तर.

जॅकेटाच्या खिशातून पॅड बाहेर काढून बघा. दुकानदार नको म्हणाला तर ते दुकान सोडा. खांदा, कोपर, गुडघा आणि कंबर यांच्या पॅडवर ईएन १६२१-१ हा युरोपीय मानकाचा क्रमांक, त्यापुढे २०१२ हे साल आणि मोटारसायकलस्वाराचं छोटं चित्र कोरलेलं असलं पाहिजे. पाठीच्या पॅडसाठी ईएन १६२१-२, छातीसाठी १६२१-३, हवेच्या फुगणाऱ्या जॅकेटासाठी १६२१-४. नुसती 'सीई' (युरोपीय नियमांत बसल्याची खूण) ही दोन अक्षरं छापलेली असतील आणि मानकाचा क्रमांक नसेल तर त्या अक्षरांवर भरवसा ठेवू नका.

त्यानंतर लेव्हल बघा, १ की २. चाचणी अशी असते: पाच किलोचं लोखंडी वजन साधारण मीटरभर उंचीवरून पॅडवर सोडतात आणि खाली किती जोर पोहोचला ते मोजतात. सांध्यांच्या पॅडमधून लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (किलोन्यूटन हे जोराचं माप) जोर खाली गेलेला चालतो, लेव्हल २ ला २० पर्यंतच. पाठीसाठी मर्यादा जास्त कडक आहे, लेव्हल १ ला १८ आणि लेव्हल २ ला ९. म्हणजे आकडा जितका लहान तितका पॅड चांगला. लेव्हल १ ची मर्यादा फारच सैल आहे, असं या विषयावर काम करणाऱ्या संशोधकांनीही म्हटलंय. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: पैसे जुळत असतील तर लेव्हल २ च घ्या. लेव्हल २ चे पातळ, मऊ पॅडही आता मिळतात. जाडच असतात असं नाही.

मग 'टी प्लस' (T+) ही खूण शोधा. आपल्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची. बऱ्याच मऊ पॅडचा फोम एका खास स्वभावाचा असतो. हळू दाबला तर मऊ, अचानक आदळला तर कडक. कॉर्नफ्लोअर पाण्यात घट्ट कालवून बघा. बोट हळू घातलं तर आत जातं, चापट मारली तर दगडासारखं लागतं. पण हा स्वभाव तापमानावर अवलंबून असतो. उन्हात फोम जास्त मऊ पडतो आणि कमी अडवतो. टी प्लस खूण असलेला पॅड ४० अंश सेल्सिअसला तपासून पास झालेला असतो. टी मायनस म्हणजे उणे १० अंशांना तपासलेला. उणे दहाशी आपला संबंध नाही. परभणी-नांदेडचा एप्रिल-मे चाळिशीच्या वर जातो, तेव्हा टी प्लस मागून घ्या.

'टाइप ए' आणि 'टाइप बी' ही खूण आकाराची. ए लहान जागा झाकतो, बी मोठी. लहान चणीच्या माणसाला ए पुरतो, धिप्पाड माणसाने बी घ्यावा.

अख्ख्या जॅकेटाचा किंवा पँटचा दर्जा वेगळा असतो, तो ईएन १७०९२ या मानकात येतो. तिथे एएए सगळ्यात मजबूत, मग एए, मग ए. बी म्हणजे कापड ए दर्जाचं पण पॅड नाहीत. सी म्हणजे फक्त पॅड धरून ठेवणारी जाळी, घसरण्यापासून काही संरक्षण नाही. उन्हाळी जाळीची बहुतेक जॅकेटं ए दर्जात बसतात. ती एएए इतकी टिकत नाहीत, हे माहीत असू द्या, आणि तरी घ्या. कारण पुढे सांगतो.

आणखी एक सापळा. बहुतेक जॅकेटांच्या पाठीच्या खिशात पातळ स्पंजचा तुकडा भरून दिलेला असतो. दिसायला पाठीचा पॅडच वाटतो. तो पॅड नाही, खिसा रिकामा दिसू नये म्हणून घातलेला स्पंज आहे. त्याच्यावर कसलाच क्रमांक नसतो. तो काढा, खिशाची लांबी-रुंदी पट्टीने मोजा आणि त्या मापाचा १६२१-२ चा पॅड वेगळा घ्या.

अंगाला बसतो का, ते गाडीवर बसूनच ठरवा

पॅड कितीही चांगला असला तरी पडताना तो कोपरावरून सरकून दंडावर गेला तर तो नसल्यासारखाच. खूपजण जॅकेट एक माप मोठं घेतात, आत स्वेटर घालता यावं म्हणून किंवा सैल बरं वाटतं म्हणून. शर्टाला ते चालतं. इथे नाही.

आपल्या वाळूजला मोटारसायकली तयार होतात, पण त्यावर बसताना घालायचं सामान हात लावून बघायचं तर लातूर-परभणीच्या माणसाला सहसा संभाजीनगर नाहीतर पुणे गाठावं लागतं. जाणार असाल तर आपली गाडी घेऊन जा. ऑनलाइन मागवलंत तर परत करण्याची मुदत वाचा, लेबल न काढता घरी अंगणात गाडीवर बसून हे सगळं करून बघा.

जॅकेट घाला, सगळ्या चेन लावा, दंडावरच्या आणि कमरेच्या पट्ट्या आवळा. गाडीवर बसून दोन्ही हात हँडलवर ठेवा. आता कोपराचं टोक पॅडच्या मधोमध आलं का ते दुसऱ्या हाताने चाचपा. खांद्याचा पॅड हाडाच्या गोल टोकावर टोपीसारखा बसला पाहिजे. मानेकडे सरकलेला असेल तर माप चुकलंय. मग सोबतच्या माणसाला सांगा, कोपराजवळ बाही धरून जोरात फिरव. पॅड गोल फिरून आतल्या बाजूला गेला तर जॅकेट सैल आहे किंवा पट्टी अपुरी आहे. पडल्यावर डांबर याहून जोरात फिरवणार आहे.

गुडघ्याचं गणित उलटं असतं आणि तिथे बहुतेकांची चूक होते. उभं असताना पॅड बरोबर वाटीवर असेल तर गाडीवर बसून पाय दुमडला की पँट वर ओढली जाते आणि पॅड मांडीवर येतो. म्हणून उभं असताना तो वाटीच्या जरा खाली, नडगीकडे उतरलेला हवा. चांगल्या पँटमध्ये पॅडच्या खिशाला दोन-तीन उंचीचे वेल्क्रो असतात, ते बदलून बघा. कंबरेच्या बाजूचे पॅड बसल्यावर टोचतात म्हणून लोक काढून टाकतात. टोचत असतील तर खिसा थोडा मागे-पुढे सरकतो का बघा. आडवं पडताना आधी तेच हाड टेकतं.

पँट आवडत नसेल, रोज कामावर बदलणं शक्य नसेल, तर गुडघा आणि नडगी झाकणारे पट्ट्यांचे गार्ड मिळतात. ते साध्या पँटच्या आत बसतात. घेताना त्यांच्यावरही १६२१-१ आहे का ते बघाच, कारण सायकलवाल्या आणि स्केटिंगच्या मुलांचे स्वस्त गार्ड याच नावाने विकले जातात. दोन पट्ट्यांपेक्षा तीन पट्ट्यांचा गार्ड जागा सोडत नाही, हा माझा अनुभव.

ओढणी, साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून स्कूटर चालवणाऱ्या ताईंसाठी मी आर्मर शर्ट सुचवतो. तो जाळीचा, अंगाला घट्ट असतो, खांदा-कोपराला पॅड असतात आणि कुर्त्याच्या आत बसतो. तो सी दर्जाचा, म्हणजे घसरणं अडवणार नाही, पण आदळणं अडवेल. आणि पदर, ओढणी चाकात जाणार नाही अशी खोचून घ्या. पॅडपेक्षा आधी ते.

उन्हाचं काय करायचं

घरात पहिलं वाक्य हेच येतं. माझी आई म्हणाली होती, "बाळा, एवढ्या उन्हात गोधडी पांघरून कुठं निघालास?" तिचा मुद्दा खोटा नव्हता. उन्हाने चक्कर आली, डोकं सुन्न झालं, तर माणूस त्यामुळेच पडतो. न सोसणारं जॅकेट अंगावर लादून घेणं हा उपाय नाही.

उपाय जाळीचं जॅकेट आहे. वर मी म्हटलं की ते ए दर्जाचं असतं आणि तरी घ्या, ते यासाठी. एएए दर्जाचं चामड्याचं जॅकेट पुण्यात डिसेंबरात चालेल. आपल्याकडे मेमध्ये ते पहिल्याच दिवशी काढून मागच्या सीटला बांधलं जाईल. मागच्या सीटला बांधलेल्या जॅकेटाचा दर्जा कोणताही असला तरी उपयोग शून्य. जाळीतून वारा वाहतो, घाम सुकतो आणि पॅड जागेवर राहतात. बघताना एवढं बघा की खांदा, कोपर आणि दंडाची बाहेरची बाजू इथे जाळी नसून जाड विणीचं कापड आहे. सगळीकडेच जाळी असलेलं जॅकेट घसरताना लवकर फाटतं.

बाहेरची हवा कातडीपेक्षा तापली की नुसता वारा थंड करत नाही, उलट भट्टीसारखा लागतो. अशा वेळी घाम सुकणं हेच एकमेव थंड करणारं यंत्र उरतं. आपली हवा एप्रिल-मेमध्ये कोरडी असते, याचा फायदा घ्या. आतला कॉटनचा बनियन किंवा टी-शर्ट पाण्यात बुडवून, पिळून घाला, वर जाळीचं जॅकेट. पहिली वीस-तीस मिनिटं कूलरसमोर बसल्यासारखं वाटतं. सुकला की पेट्रोलपंपावर पुन्हा भिजवा. ओला गमछा मानेभोवती घ्या, पण टोकं जॅकेटात खोचा. मी मीठ-साखर-लिंबाचं पाणी बाटलीत ठेवतो आणि तहान लागण्याची वाट बघत नाही. उघड्या हातांनी उन्हात चालवणाऱ्याची कातडी भाजते, पाणीही जास्त उडतं. लांब बाहीची जाळी त्यापेक्षा सुसह्य असते. शेतात पूर्ण बाहीचा शर्ट आणि डोक्याला पटका घालणाऱ्या बापाला हे सांगावं लागत नाही.

मेमध्ये लांबचा प्रवास पहाटे पाचला सुरू करून दहाच्या आत उरकावा. तुळजापूर असो की माहूर, दुपारी एक ते चार सावली शोधून थांबा. पावसाळ्यात जाळीच्या आत पाणी शिरतं, तर वरून साधा रेनकोट घाला; आतल्या रेन-लायनरपेक्षा, म्हणजे पाणी अडवणाऱ्या अस्तरापेक्षा, बाहेरचा रेनकोट बरा, कारण जॅकेट ओलं होऊन जड होत नाही आणि पॅडही भिजत नाहीत.

पैसे थोडे असतील तर क्रम असा

हेल्मेट सगळ्यात आधी. आयएसआय शिक्क्याचं, आयएस ४१५१ चा क्रमांक असलेलं, आणि हनुवटीची पट्टी लावलेलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागे बसणाऱ्यालाही ते बंधनकारक आहे. जॅकेटाची सक्ती कायद्यात कुठेच नाही, म्हणून ते आपल्यावर येतं.

हेल्मेटनंतर मी हातमोजे सांगतो, जॅकेट नाही. पडताना माणूस आपोआप हात पुढे करतो, आणि वर सांगितलेल्या अभ्यासातही सगळ्यात मोठा फरक मोज्यांचाच निघाला. तळहाताच्या मुळाशी कडक गोटी किंवा डांबरावर न अडकता घसरणारा पॅड असलेले मोजे घ्या. मनगटाला पट्टी हवीच. पट्टी नसलेला मोजा पडताना निघून जातो. दीड ते तीन हजारांत चांगले मिळतात. मग बूट. रायडिंगचे नाही जमले तर घोट्याच्या वर जाणारे जाड चामड्याचे कामाचे बूट तरी, पण चप्पल नाही. मग गुडघ्याचे गार्ड, साधारण दोन ते पाच हजार. मग जाळीचं जॅकेट, सहा ते बारा हजारांच्या आसपास. रायनॉक्स, व्हायटेरा या आपल्या देशातल्या कंपन्या उन्हाचा विचार करून जॅकेटं बनवतात, बघायला तिथून सुरुवात करा. पाठीचा पॅड त्यानंतर, आणि पँट शेवटी.

जॅकेट घ्यायला महिने लागणार असतील तर तोवर शाळेच्या गणवेशाच्या कापडासारखा जाड, पूर्ण बाहीचा कॉटन शर्ट तरी घाला. संरक्षण म्हणून तो नाममात्र आहे, उघड्या हातापेक्षा मात्र बरा. रंगाबद्दल एक गोष्ट. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, म्हणजे आपलं सगळं येणंजाणं जुन्या रस्त्यांवर, आणि हिवाळ्यात त्याच रस्त्यांवर रात्री उसाचे ट्रॅक्टर चालतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा दिवा नाही. हिंगोली-नांदेडकडे रोही (नीलगाय) आडवा येतो. तुम्ही त्यांना दिसणं आणि मागच्याला तुम्ही दिसणं, दोन्ही लागतं. काळं जॅकेट रुबाबदार दिसतं, पण उन्हात तापतं आणि रात्री हरवतं. राखाडी किंवा फिका रंग, पाठीवर-दंडावर चमकणाऱ्या पट्ट्या, असं घ्या.

जुनं जॅकेट विकत घेणार असाल तर कापड चालेल, पॅड नवे घाला. आधीचा माणूस पडला होता की नाही ते पॅड सांगत नाहीत.

सांभाळायचं कसं

जॅकेट धुताना सगळे पॅड काढा. काढताना मोबाइलने फोटो घ्या, डावा-उजवा आणि वर-खाली लक्षात राहत नाही. कोपराचा पॅड उलटा बसला तर त्याचा बाक कोपराला बसत नाही. पॅड ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. कडक साबण, गरम पाणी आणि इस्त्री टाळा. टाकीवर किंवा सीटवर भर उन्हात जॅकेट टाकून जाऊ नका. डब्यासारखा तापलेला फोम वर्षानुवर्षं असा शिजला की वेळेआधी ठिसूळ होतो. घाम आणि ओलावाही फोम खातात.

वर्षातून एकदा प्रत्येक पॅड हातात घेऊन वाकवा. भेग पडली, भुगा निघाला, कडक झाला, अंगठ्याने दाबलेला खळगा लगेच भरून येत नाही, असं काही दिसलं तर बदला. काहीच न दिसलं तरी साधारण पाच वर्षांनी बदला. एकदा जोराचा मार बसलेला पॅड बाहेरून चांगला दिसला तरी काढून टाका. मांजरसुंब्याच्या त्या पडण्यानंतर मी माझा डावा कोपरपॅड वाकवून बघितला होता. वरून रेघही नव्हती, आतल्या बाजूने केसाएवढी चीर गेलेली होती.

आणि पडलातच, तर जॅकेट घाईने ओढून काढू नका. आधी बोटं हलवा, पायाची बोटं हलवा, मान दुखते का बघा. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील, तर कुणालाही उचलू देऊ नका आणि हेल्मेटही काढू देऊ नका. १०८ ला फोन करायला सांगा, तोवर पडून राहा. खांदा किंवा मनगट जागेवरून हललेलं वाटलं तर बाही तशीच राहू द्या, डॉक्टर कात्रीने कापतील. कापू द्या. पॅड तेवढे परत मागून घ्या, घरी उजेडात वाकवून तपासा आणि चीर गेलेले कोणते ते बघून नव्यांची मागणी त्याच दिवशी नोंदवा.